नकाशात लाल झालेला डोंगर

वनखात्याचे एक भाऊ दर थंडीत आमच्या गावात, तिकोणा पेठेत येतात. वणवा अडवायला डोंगरावरचं गवत काढून मोकळा पट्टा करतात, ती जाळरेषा आधी कुठे काढायची ते भाऊ मोबाईलमधल्या नकाशावरून ठरवतात. मागे जास्त वेळा जळालेला भाग त्यात लाल दिसतो. बोलताना ते आमच्याकडे बघत नाहीत, बोटाने नकाशाच मोठा करत राहतात.

यंदा माणसं कमी होती, एकाच डोंगरावर जाळरेषा होणार होती. वरच्या वस्तीचा डोंगर लाल निघाला, आमचा पिवळा.

"मग आमी जळून मरायचं व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"कसंय मावशी, तुमच्याकडे रस्ता आहे. तिकडे पाण्याची गाडीसुद्धा चढत नाही."

होळीनंतर आमचाच डोंगर पेटला. गोठा वाचला, पण वैरणीची गंजी गेली. दुसऱ्या दिवशी भाऊ आले आणि नकाशात नोंद करायला जळालेल्या भागाच्या कडेकडेने मोबाईल धरून चालत राहिले. उतरले तेव्हा गुडघ्यापर्यंत काळे झाले होते. मी पाणी दिलं.

"कसंय मावशी, आता तुमचा डोंगर लाल झाला. पुढच्या साली पहिला नंबर तुमचा."

"जळल्यावर व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

सासूबाई आत निघून गेल्या. मला भाऊंचा राग येत नव्हता. मी तांब्या पुन्हा भरून आणला.