आईबरोबर साउथ कोस्टला

मी सातारा सोडलं तेव्हा आईबाबा मला पोचवायला मुंबईच्या विमानतळापर्यंत आले होते. बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. कुठेही गेले की आधी दिशा बघायची त्यांची सवय. त्या काचेच्या दाराशी उभे राहूनही ते म्हणाले, "खोली मिळाली की उत्तर कुठे आहे ते बघून ठेव." आईने त्या उकाड्यात माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बाजूला झाली. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी सिडनीला निघाले होते. परत येणार, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

पुढे काय होतं ते इकडे आलेल्यांना सांगायला नको. युनिव्हर्सिटी संपली, सिडनीतच वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, समीर भेटला, लग्न झालं, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, ईरा झाली. सातारा दोन वर्षांतून एकदा, तीन आठवड्यांसाठी, असा होऊन बसला.

कोविडच्या वर्षी जानेवारीत आई एकटीच तीन महिन्यांसाठी आली. बाबा म्हणाले, घर बंद ठेवायचं नाही. मार्चमध्ये विमानं थांबली आणि आई आमच्याकडे अडकली. सुरुवातीला तिला ते फारसं जड गेलं नाही. ईराची शाळा घरून सुरू होती, समीर बेडरूममध्ये लॅपटॉप लावून मीटिंगमध्ये असायचा, मी लॅबमध्ये दुप्पट शिफ्ट करत होते. घरी आले की गरम वरणभात, ईराची वेणी घातलेली, कपडे घडी करून ठेवलेले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कुणाची तरी मुलगी म्हणून घरी येत होते.

मेपासून आई म्हणायला लागली, "ह्यांचं काहीतरी बिघडलंय." व्हिडिओ कॉलवर बाबा रोज तोच निळा शर्ट घालून बसलेले असत. ईराला ते एकाच कॉलमध्ये तीनदा विचारत, "कितवीत आहेस गं?" ईरा तिन्ही वेळा न चिडता सांगायची, "Year One, Ajoba." मी आईला म्हणायचे, एकटे आहेत, कंटाळलेत, ऐकू कमी येतं. लॅबमध्ये बसून लोकांच्या रक्तात काय आहे ते सांगणारी मी. बाबांचं मात्र मी न बघताच सांगून टाकलं.

जवळच्या हॅरिस पार्क उपनगरातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे आईचं नाव परतीच्या विमानांच्या यादीत घातलं होतं. जुलैच्या सुरुवातीला मी कामावर असताना त्याचा फोन आला. एक सीट आहे, दिल्लीपर्यंत, तासाभरात सांगा. मी नाही म्हटलं. आईला दमा आहे, दिल्लीत आठवडाभर क्वारंटाइन, पुढे साताऱ्यापर्यंतचा प्रवास, तिकडे रोज वाढणारे आकडे. ही सगळी कारणं खरी होती. आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दार उघडल्यावर आई दिसायची, ते मला सोडवत नव्हतं. समीरला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यांना विचारायला हवं होतंस. निदान आता तरी सांग." मी सांगितलं नाही.

ऑगस्टपर्यंत आई अबोल झाली. जेवण दोन घासांवर आलं. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. मी चार दिवस सुट्टी काढली आणि तिला नि ईराला घेऊन साउथ कोस्टला, सिडनीच्या दक्षिणेच्या किनाऱ्याला, निघाले. समीर कामामुळे घरीच थांबला. तेव्हा आमच्या राज्याच्या, न्यू साउथ वेल्सच्या आत फिरायला मुभा होती. ऑगस्ट म्हणजे इकडचा हिवाळा; थंडीमुळे आणि कोविडमुळे किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. कॅरॅव्हॅन पार्क रिकामी, आइस्क्रीमच्या दुकानांना कुलपं, फिश अँड चिप्सवालाही दुपारी दोनला शटर ओढून घरी गेलेला. आदल्या उन्हाळ्यात ते सगळं जंगल जळालं होतं. मैलोन्‌मैल काळी झाडं आणि त्यांच्या खोडांना थेट फुटलेली हिरवी लव. आई काचेतून बघत होती. "मुळं जिवंत असतील," एवढंच म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य.

नरूमाला आम्ही एका छोट्या मोटेलमध्ये उतरलो. मालकीणबाई सत्तरीच्या, लहानपणी सिसिलीहून बोटीने आलेल्या. अख्ख्या मोटेलमध्ये आम्हीच. रजिस्टरमध्ये नावं लिहून घेताना त्यांनी आईला विचारलं, "Holiday, love?"

आईने जरा विचार केला. "नो," ती म्हणाली. "वेटिंग."

बाईंनी आमच्या खोलीत एक जास्तीचा हीटर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बर्मागुईच्या रस्त्याला लागलो. डावीकडे समुद्र, करडा आणि उसळलेला. ईरा मागे व्हेल दिसतोय का बघत होती. फोन वाजला, गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, आणि मी न बघताच बटण दाबलं. एजंटचा आवाज गाडीभर झाला.

"दीदी, सितंबर की लिस्ट आ रही है. माताजी का नाम डाल दूँ? इस बार मना मत कीजिएगा, पिछली बार आपने सीट छोड़ दी थी."

मी "बाद में बात करती हूँ" म्हणून फोन कापला. आईला हिंदी मराठीइतकीच कळते.

ती समोर बघतच म्हणाली, "गाडी थांबव."

पुढे एक लुकआउट होता, गाडी लावून समुद्र बघायची जागा. मी गाडी लावली. आई उतरली आणि पाचवारी साडीवर माझं पफर जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज अशी वाळूत चालत गेली. ईराला गाडीत टॅब्लेट देऊन मी तिच्या मागे गेले. वारा इतका होता की जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"कधीची होती?" तिने विचारलं.

"जुलैची."

"मला का नाही सांगितलंस?"

मी दमा, दिल्ली, आकडे, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हे मला सांगून मला ठरवू द्यायचंस. मी काय ईरा आहे?"

"तू गेली असतीस, आई."

"गेलेच असते." ती समुद्राकडे बघत बोलत होती. "तू निघालीस ना, तेव्हा तुझा पासपोर्ट आठवडाभर माझ्या कपाटात होता. रोज मनात यायचं, हा कुठेतरी ठेवावा आणि सापडत नाही म्हणावं. एकुलती एक मुलगी. पण नाही केलं तसं."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिने तेव्हा जवळ घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं, आणि ते तिला माहीत होतं.

"बाबा तुझं नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "लक्षात आलंय का तुझ्या? 'पोरगी कशी आहे' म्हणतात. माझंही नाव घेत नाहीत. मेपासून. त्यांना आठवत नाहीये, वैदेही, आणि ते लपवतायत."

मी तिथूनच एजंटला फोन लावला.

आई सप्टेंबरच्या मध्यावर गेली. सिडनी विमानतळ रिकामा, आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते. मास्क, त्यावर प्लॅस्टिकची शील्ड, मागे वळली तेव्हा चेहरा नीट दिसलाच नाही. ईराने विचारलं, "Is Aji cross with us?" मी म्हटलं, माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही.

घरी पोचल्यावर तिने काय पाहिलं ते मला तीन आठवड्यांनी सांगितलं. बाबांना गॅस पेटवायचं सुधरत नव्हतं. ते ब्रेड आणि केळ्यांवर दिवस काढत होते. दूध आणायला जाऊन दोनदा रस्ता चुकले होते, दुकानदाराने घरी आणून सोडलं. फ्रिजवर त्यांच्या मोजणीदाराच्या सुबक अक्षरात आईबद्दल चिठ्ठी होती, 'कुमुद ईराकडे गेली आहे.' आईला बघून म्हणाले, "आलीस?" आणि तिचा हात धरून बसून राहिले.

मला जाता येत नव्हतं. देशाबाहेर पडायला परवानगी लागायची, परतीच्या सीटचा भरवसा नाही, लॅबला रजा नाही. इकडे राहिलेल्या आपल्यातल्या कितीजणांनी ते दीड वर्ष फोनच्या पडद्यावर काढलं. तिकडच्यांना वाटत असेल आम्ही सुरक्षित होतो. होतोच. ती सुरक्षितता अंगाला टोचायची.

सीमा उघडल्यावर फेब्रुवारीत मी एकटी साताऱ्याला गेले. आईचे केस पूर्ण पांढरे झाले होते. स्वयंपाकघरात ती भाजी चिरत होती तेव्हा मी धीर करून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? मी ती सीट घेतली असती तर?"

"म्हणाले, दोन महिन्यांनी काही फरक पडला नसता."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने विळी बाजूला केली. "फरक नसता पडला. पण मला ते दोन महिने हवे होते. तेव्हा ते माझ्याशी भांडण्याइतके भानावर होते." मग पाट पुढे सरकवला. "बस. चहा घे."

ती मला माफ केलं असं म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. पण चहा तिने माझ्या आवडीचा, भरपूर आलं घालून केला होता.

घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं की मी पटकन उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचे. वेस्टमीडचा फ्लॅट म्हणजे राहायची जागा आणि सातारा म्हणजे घर, अशी सोपी वाटणी केली होती. आणि तरीही मी आईला तिच्या घरापासून लांब ठेवलं. आता एवढंच कळतं की जिथे एखाद्यावाचून कुणाचं तरी अडतं, तिथे जायच्या त्याच्या वाटेत आपण मध्ये उभं राहू नये, प्रेमापोटीही नाही.

त्या दिवशी चहा घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबा खिडकीपाशी बसले होते. मला बघून अदबीने सावरून बसले.

"या. आपण कुठून आलात?"

"सिडनीहून," मी म्हटलं.

"अच्छा. आमची मुलगी असते तिकडे." ते थोडे पुढे झुकले. "आपली ओळख आहे का तिच्याशी?"

"आहे."

"मग तिला एक निरोप द्याल? म्हणावं, तुझी आई घरी आली. आता काळजी करू नकोस."

"देते," मी म्हटलं आणि त्यांच्याशेजारी बसले.