साबणाने धुतलेलं कोकरू

मी धनगराच्या घरची नाही. माहेर शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचंच, आणि नोकरी म्हणाल तर बावीस वर्षं अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळली. त्यामुळे कामरगावजवळच्या आमच्या शेताच्या कडेला मी मेंढ्या बांधल्या तेव्हा गावाला बोलायला आयता विषय मिळाला. मेंढ्याही कशा, तर जुन्या जातीच्या: काळ्या, ठेंगण्या, अंगभर राठ लोकर असलेल्या. आता बाजारात चालतात त्या उंच, तांबड्या, बिनलोकरीच्या. त्या लवकर वजन धरतात, खाटीक आधी त्यांच्याकडेच बघतो. माझ्या मेंढ्या बघून लोक हसायचे. हसोत बापडे.

मला त्या आवडल्या, हे पहिलं कारण. दुसरं असं की, पहिल्या वर्षी मी दोन तांबड्याही आणल्या होत्या. आठवडाभर पावसाची झड लागली आणि दोघींचे पाय सडले. काळ्या मात्र त्याच चिखलात उभ्या राहून निवांत तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, चघळत होत्या. उन्हाळ्यात हिरवं काही उरत नाही तेव्हा त्या बाभळीच्या शेंगांवर दिवस काढतात. लोकर वर्षातून दोनदा कातरायची, तिच्या गाद्या होतात. सोयाबीन निघालं की त्यांना मोकळ्या शेतात बसवायचं, लेंडीखत आपसूक मिळतं. चिमूटभर दूधही मिळतं, चहापुरतं. एका जनावरात इतकी कामं असताना फक्त मटणाच्या वजनावर त्याची किंमत करायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी माझा एकुलता एक काळा एडका साप चावून मेला. कळपातला नर तोच. माझ्या काळ्या मेंढ्या पाच, पाचही त्याच्यापासून गाभण होत्या. चौघी व्यायल्या आणि चौघींना माद्याच झाल्या. एरवी मी पेढे वाटले असते. पण नर नसेल तर पुढच्या वर्षी तांबडा एडका लावावा लागणार, आणि एकदा तो लागला की लोकर गेली, पाय गेले, सगळंच गेलं. आता सारी भिस्त पाचवीवर होती. ती कळपातली सगळ्यात तिरसट.

ज्या मेंढपाळ मावशींनी मला पहिल्या मेंढ्या दिल्या, त्यांना फोन लावला. त्यांचा मुक्काम तेव्हा आसेगावकडे होता. एखादा काळा एडका द्याल का, असं विचारलं.

"माह्याकडंच कुठं उरला, बाई," त्या म्हणाल्या. "सारे मिसळले आता. तुह्या मेंढीले नर झाला तर जीव लावून सांभाळ."

नवऱ्याने तर सोमवारी तांबडा एडका घेऊन यायला व्यापाऱ्याला सांगूनही टाकलं होतं.

"मले न इचारता कायले सांगतलं?" मी भडकले.

"मंग काय करशीन? जिद्दीनं कोकरं होत नाईत."

बुधवारी सकाळी पाचवी व्यायली. नर! काळा कुळकुळीत, चारी पाय धड. मेंढी त्याला चाटायला लागली होती, आणि मी काय केलं? बावीस वर्षांची सवय उफाळून आली. अंगणवाडीत मी शेंबडं पोर कधी खपवून घेतलं नाही. हे तर चिकट, ओलंगिच्च, त्यात गारठा होता, आणि दुपारी जनावरांचे डॉक्टर येणार होते. मी त्याला उचलून घरात नेलं, कोमट पाण्यात बाळसाबणाने घसघसून धुतलं, टॉवेलने कोरडं केलं, पावडर लावली. दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोटही लावलं, जे काळ्यावर काळं अर्थातच कोणाला दिसणार नव्हतं.

तासाभराने असं सजलेलं लेकरू आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि डोकं खाली घालून अशी धडक दिली की ते कुंपणाच्या जाळीवर जाऊन आदळलं. ते धडपडत उठून परत गेलं, तिने परत उडवलं.

मी लगेच मावशींना फोन केला. काय काय केलं ते सांगताना माझाच आवाज मला मूर्खाचा वाटत होता.

"साबनानं? काहून वो बाई, येवढी शिकलेली तू! मेंढी लेकराले वासानं वळखते. तू वासच धुऊन टाकला. तिच्यासाठी ते परक्याचं पोर झालं."

"बाटलीनं पाजू का?"

"बाटलीवरचा एडका मानसाच्या मागं लागते, अंगावर येते, कळपात राहत नाई. तिलेच पाजावं लागन. मेंढी अडकवून धर आन् पाज. तिचंच दूध पिळून त्याच्या शेपटीले, डोक्याले चोळ. पाच दिवस लागतीन, सात बी लागतीन. तुह्या अंगात दम असन तर कर."

दम होता की नाही माहीत नाही, पण राग पुष्कळ होता, आणि तो माझाच माझ्यावर होता. त्यानेच मला पाच दिवस उभं ठेवलं. भिंत आणि लाकडी फळी यांच्यामध्ये मेंढीला कोंडायचं, गुडघा तिच्या बरगडीला लावायचा, एका हाताने मागचा पाय धरायचा, दुसऱ्या हाताने कोकराचं तोंड सडाला लावायचं. दिवसातून सहा-सात वेळा. पहिल्या दिवशी तिने माझ्या मनगटावर लाथ घातली, ते सुजलं. कोकराच्या पोटात चीक गेला, तेवढ्यावर मी समाधान मानलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिला शिव्या घातल्या, मग माफी मागितली, कारण चूक तिची नव्हतीच. तिने स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी कोकरू मलूल झालं. ते आईकडे जायचंच बंद झालं होतं, ती दिसली की कोपऱ्यात अंग चोरायचं. ते बघून मला रडू फुटलं. नवरा दारात उभा होता. म्हणेल काहीतरी, असं वाटलं. तो आत आला, चप्पल काढली आणि मेंढीची मान धरली.

"तू मेंढीचा पाय सोड, फक्त पोराले सांभाळ," तो म्हणाला. तिथून पुढे आम्ही दोघं मिळून पाजायला लागलो.

रविवारी ती लाथ मारायची थांबली. पाजताना एकदा मान वळवून तिने कोकराची शेपटी हुंगली. पण सोडल्यावर तोंड फिरवलं ते फिरवलंच.

सोमवारी सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. मागे तांबडा एडका उभा, दिसायला खरंच देखणा. नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "थांबा, एक डाव सुटं सोडून पायते." फळी बाजूला केली आणि दूर सरकले. मेंढी हलली नाही. कोकरू कोपऱ्यातच. मग ती दोन पावलं पुढे गेली, त्याला हुंगलं, आणि घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा एक मऊ आवाज काढला. पाच दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. कोकरू उठलं, चाचपडत तिच्या पोटाखाली शिरलं आणि त्याची शेपटी टकाटका हलायला लागली.

ते नीट पितंय ना, म्हणून मी खाली वाकून हात पुढे केला. मेंढीने पाय आपटला. मी हात मागे घेतला नाही. पुढच्या क्षणी तिची धडक माझ्या मांडीवर बसली आणि मी सपशेल लेंड्यांत आडवी झाले. ती माझ्या आणि पोराच्या मध्ये उभी राहिली, डोकं खाली, पुन्हा यायला तयार. पाच दिवस जे डोकं त्याच्यावर चालत होतं, ते आता त्याच्यासाठी माझ्यावर चाललं होतं.

व्यापारी उचलायला धावला. मी हाताने त्याला थांबवलं आणि बसल्या जागेवरूनच सांगितलं, "भाऊ, गाडी फिरवा. आमच्या घरी एडका हाये."