पप्पांचा स्ट्रोक वाढवणारा डॉक्टर

काय झालं ते सांगते, पण एका अटीवर. चहा संपेपर्यंत कुणी मला 'कंपाउंडर' म्हणायचं नाही. तो शब्द मला कुठून चिकटला, तेच तर सांगायचंय.

मी फार बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. हजेरीला मी जे 'हजर' म्हणते, ते बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीलाही ऐकू जात नाही. मी समोर बसलेली असताना सरांनी मला गैरहजर मांडलेलं आहे. पण न बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. त्याला दिसतं फार. आणि घरच्यांचा एक समज असतो, की जी बोलत नाही ती शहाणी. आमच्या घरात तो समज आता कुणाचाही उरलेला नाही.

सुरुवात पप्पांच्या नखांपासून झाली.

आम्ही पिंपळवंडीचे. पप्पा टोमॅटो करतात. टोमॅटोच्या झाडात दिवसभर हात घातले की बोटं काळी होतात, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तो काळा रंग साबणाने जातो. पप्पांच्या नखांतला हा नवा काळा जात नव्हता. अंगाला डिझेलचा वास यायचा, आणि आमच्याकडे डिझेलवर चालणारी एकही वस्तू नाही.

मग मागची पोल्ट्रीची शेड. कोंबड्या विकून शेड रिकामी झालेली. तरी पप्पा म्हणाले, "समू, तिकडं जाऊ नको. औषध मारलंय."

कोंबड्याच नाहीत तर औषध कुणासाठी? तुम्हीच सांगा.

आणि तो फोन. पप्पा एरवी फोनवर असे बोलतात की पलीकडच्याने फोन ठेवला तरी त्याला ऐकू जावं. पण एक फोन आला की ते उठून गोठ्यामागे जायचे. एकदा मी चार्जिंगला लावलेल्या फोनवर नाव वाचलं. 'डॉक्टर जुन्नर'.

पप्पांच्या फोनचं कानाला लावायचं बिघडलेलं आहे, सगळं स्पीकरवरच चालतं. त्यामुळे गोठ्याच्या अलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला मुद्दाम कान द्यावा लागत नाही. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले.

"इलासभाऊ, ब्लॉक उघडून बघितला," पलीकडचा डॉक्टर सांगत होता. "दोन वॉल गेलेत."

"मंग?"

"वॉल बदलू. पर मी काय म्हंतो, एवढं उघडलंच हाय तर स्ट्रोक बी वाढवू. हाय त्यातच जोर यील."

"फुटायचं न्हाई ना?"

"भिंत पातळ हाय थोडी. रिस्क हाय. पर किती दिस असं धापा टाकत चढायचं?"

पप्पांनी विचारलं, "पुण्याला न्यावं का?"

"पुण्याला कशाला? घरीच करू की. माझ्या हातनं लई झालेत. एकदोन बंद पडले, त्ये जाऊ द्या."

"बरं. पर आमच्या मंडळीला कळता कामा न्हाई."

मंडळी म्हणजे माझी आई.

चादर माझ्या हातून चिखलात पडली. पप्पांना हृदयाचा आजार होता, त्यांनी तो आईपासून लपवला होता आणि जुन्नरचा कुणी एक डॉक्टर घरच्या घरी त्यांची छाती उघडणार होता.

मी खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. विज्ञानाचं पुस्तक काढलं. हृदयाला झडपा असतात, म्हणजे वॉल. अलिंदांची भिंत पातळ असते, हे तर छापलेलंच होतं. सगळं जुळत होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. शेजारच्या तात्यांना स्ट्रोक आला तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात गेला. तो यायला नको म्हणून डॉक्टर धडपडतात. हा वाढवतो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळा धीर गोळा करून मी विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, स्ट्रोक वाढवता येतो का?"

"का नाही?" सर म्हणाले. "मनगट मोकळं ठेवायचं."

सर शाळेची बॅडमिंटनची टीमही बघतात.

म्हणजे एकच अर्थ उरला. हा डॉक्टर बोगस होता.

त्या दिवसापासून मी पप्पांवर नजर ठेवली. भाजीत आई मीठ घालायची, तिची पाठ वळली की मी रस्सा काढून पाणी घालायचे. पप्पा घास घेऊन आईकडे बघायचे, आई भाजीकडे बघायची, आणि दोघंही काही न बोलता जेवायचे. पूर्वीचे पप्पा असे निमूट जेवले असते? मी मनात म्हटलं, माणूस आतून खचलाय. लोणच्याची बरणी मी माळ्यावर नेऊन ठेवली. आई ती शोधत राहिली आणि मांजरावर संशय घेत राहिली.

मग दुसरा फोन आला. या वेळी मी कपडे नसतानाही दोरीपाशी होते.

"मिळाला, भाऊ," डॉक्टर म्हणाला. "दुसऱ्याचा काढलेला हाय, पर दमदार हाय. जरा घासून बसवावा लागंल."

दुसऱ्याचा काढलेला. कुणाचा?

"आईतवारी बसवून टाकू," डॉक्टर पुढे म्हणाला. "आन गोळी पाठवलीय दुधाच्या गाडीवर. एकच हाय. जपून ठिवा. ती नसंल तर सगळं बंद."

संध्याकाळी पप्पांचा सदरा धुवायला पडला. खिशात कागदाची पुडी होती, वरून चिकटपट्टी. मी चाचपून बघितली. आत वाटाण्याएवढी, टणक, गोल गोळी. इतकी टणक गोळी माणसाला देतात? ही तर जनावराची वाटत होती. पुडी उघडायचा मोह झाला, पण पुराव्याला हात लावायचा नसतो. मी ती तशीच माझ्या कंपासपेटीत टाकली, कर्कटकाच्या खाली.

रात्री जेवायच्या आधी पप्पांनी सगळे खिसे उलटे केले, गादी उचलली, चुलीतली राखही उकरली.

"काय हारवलं?" आईने विचारलं.

"काय न्हाई," पप्पा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

मला वाईट वाटलं. पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आईला सांगावं तर ती कोसळेल. पप्पांना विचारावं तर ते 'काय न्हाई' म्हणणार. म्हणून मी वारूळवाडीच्या सुनंदाआत्याला फोन केला. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. मी तिला सगळं सांगितलं, ब्लॉक, वॉल, पातळ भिंत, दुसऱ्याचा काढलेला आणि रविवार.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. लोक म्हणतात मुलीने बोलतं व्हावं. बघा, झाले ना बोलती.

"कुणाला बोलू नगं," आत्या म्हणाली. "म्या बी बोलत न्हाई."

आत्याने शब्द पाळला. तिने ज्याला ज्याला सांगितलं, त्याला त्याला 'कुणाला बोलू नगं' असं बजावून सांगितलं.

रविवारी सकाळी पप्पा आईला म्हणाले, "नारायणगावला जाऊन येतो," आणि चपला घालून पोल्ट्रीच्या शेडकडे गेले. थोड्या वेळाने दारात आत्याची पिकअप उभी राहिली. तिच्यामागे मोटारसायकली. आजाऱ्याला भेटायला येतात तसे सगळे पडलेल्या चेहऱ्याने उतरले. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात शहाळी. एका मावशींनी अंगाऱ्याची पुडी आणली होती.

आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "काय वो वन्सं? आज काय हाय?"

आत्याने तिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, धीर धरा. इलासच्या काळजाचं आपरेशन हाय. तुमच्याच शेडमधी. बोगस डॉक्टर हाय त्यो."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती नजर आठवली की अजून मला चहा गोड लागत नाही. पुढच्याच क्षणी आई अनवाणी शेडकडे धावत सुटली होती, आणि तिच्यामागे आत्या, केळी, शहाळी आणि आम्ही सगळे.

शेडच्या जाळीला बारदान लावलेलं होतं. त्याच्या फटीतून मी आत बघितलं आणि उरलीसुरली शंकाही गेली. जमिनीवर पोती अंथरलेली. पोत्यांवर पप्पांचे पाय, गुडघ्यापर्यंतच दिसणारे. त्यांच्यावर वाकलेला एक पांढऱ्या दाढीचा माणूस, हातात हातोडी.

"हलू नगा भाऊ," तो म्हणाला. "एकच झटका देतो."

"द्या लवकर," पप्पांचा कण्हणारा आवाज आला. "डावा खांदा लई भरून आलाय."

डावा खांदा. पुस्तकात लिहिलंय, तसाच.

"सोड माझ्या भावाला," म्हणत आत्या बारदानासकट आत घुसली आणि हातातली केळ्यांची फणी तिने डॉक्टरच्या पाठीत घातली. पप्पा दचकून उठायला गेले. ठण्ण असा आवाज झाला, आणि कपाळाला हात लावून ते बाहेर सरपटत आले. कशाच्या तरी खालून.

ते कशाचं तरी म्हणजे एक मोटार होती. जुनी, गोल डोळ्यांची, मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी असायच्या त्या जातीची, फक्त फिकट निळी. तिचं पुढचं झाकण उघडं होतं.

पप्पांच्या कपाळावरून रक्ताचा एक ओघळ नाकापर्यंत आला. मावशींनी तेवढ्यात त्यांना अंगारा लावला.

आई मात्र पप्पांकडे बघतच नव्हती. ती गाडीकडे बघत होती. "ही अजून हाय?" ती म्हणाली.

ती गाडी माझ्या नानांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ते बोरी बुद्रुकला असतात. तिची गोष्ट मी खूप वेळा ऐकली होती, पण गाडी भंगारात गेली असं समजत होते. चढ आला की ती धापा टाकायची आणि माणसं उतरून ढकलायची. भीमाशंकरच्या घाटात नाना एकदाही बसून वर गेले नाहीत. आईच्या लग्नात वरात आमच्या गावच्या चढावर अडली आणि नवरीने शालू खोचून गाडी ढकलली. सासरी पाऊल टाकायच्या आधीच गावात तिचं नाव झालं होतं. ती गाडी परत दारात दिसली तर मी माहेरी जाईन, असं ती म्हणायची.

"नाना म्हनले, एकदा बसून घाट चढायचाय," पप्पा पुटपुटले. "म्हनून डॉक्टरला धरलं. पिस्टन जेवढा वर-खाली पळतो, त्यो त्याचा स्ट्रोक. सायकलचा पंप अर्धा वढला आन पुरा वढला, फरक पडतो का न्हाई? तसं. दुसऱ्या मोठ्या गाडीचा काढलेला क्रँकचा दांडा बसवला, की तेवढ्याच इंजिनात पिस्टन जास्त पळतो. जोर वाढतो."

"आन ह्ये डॉक्टर?" आत्याने दाढीवाल्यांकडे बोट केलं. त्यांच्या पाठीवर केळं चिकटलेलं होतं.

"इस्माईलचाचा. जुन्नरचे मिस्त्री. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन तपासत्यात, म्हनून डॉक्टर."

इस्माईलचाचांनी पाठीवरचं केळं निपटून बघितलं. "ताई, आजपर्यंत गिऱ्हाइकानं हात उचलला नव्हता. तुमी तर नातेवाईक निघाल्या."

आईने पदराने पप्पांच्या कपाळावरचं रक्त पुसलं, जरा जोरातच. मग विचारलं, "चढंल का पर?"

"आजच कळलं असतं," चाचा म्हणाले. "पर तेलाच्या वॉलची गोळी भाऊंनी हारवली. तिच्याबिगर चालू केलं तर इंजिन जाम."

"हारवली कुटं? तुमीच पाठवली नसंल," पप्पा म्हणाले.

"म्या माझ्या हातानं पुडी बांधली, वर पट्टी लावली."

"मंग दूधवाल्यानं पाडली."

सगळे पाहुणे पोती उचलून गोळी शोधायला लागले. आत्या दूधवाल्याला फोन लावत होती. मी हळूच घरी गेले, दप्तर उघडलं आणि परत येऊन गर्दीच्या मागे उभी राहिले. शेवटी कंपासपेटी उघडून चाचांसमोर धरली.

चाचांनी कर्कटक बाजूला केला. पुडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आणि त्या शेडमधल्या सगळ्या माणसांसमोर हात पुढे करून म्हणाले, "कंपाउंडर, औषध द्या."

बस, तेव्हापासून.

पप्पांच्या कपाळाला टाके पडले, नारायणगावच्या खऱ्या डॉक्टरकडे. म्हणजे या सगळ्यात जो एक पेशंट झाला, तो मी केलेला. बाजारात अजून लोक त्यांना विचारतात, "इलासभाऊ, काळीज कसं हाय?"

गाडी मात्र चालू झाली. आईने नानांना निरोप धाडला आणि आम्ही सगळे निघालो. पप्पा चालवायला, शेजारी नाना, मागे आई, आत्या, चाचा आणि आत्याच्या मांडीवर अर्धी मी. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण गेलं, चढ सुरू झाला. चाचा पुढच्या सीटला कान लावून इंजिन ऐकत होते. आईने दोन्ही हातांनी दार धरलं होतं. नाना तर श्वासही घेत नव्हते. वळण आलं, वळण गेलं, गाडी घुमत वर चढत राहिली. नानांचे डोळे पाण्याने भरले.

आणि नेमकी अर्ध्या घाटात गाडी थांबली.

नानांनी एक अक्षर विचारलं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते दार उघडून उतरले, धोतर खोचलं आणि गाडीमागे जाऊन दोन्ही हात टेकवून उभे राहिले.

"नाना, गाडीला काय झालं न्हाई," आई खिडकीतून ओरडली. "पोरीला गाडी लागलीय. ती वकतीय बघा पलीकडं."

नानांनी मागून डोकावून, रस्त्याकडेला वाकलेल्या माझ्याकडे बघितलं.

"मंग आता," हात तसेच पुढे धरून ते म्हणाले, "हिला ढकलू का?"