मत नसलेले कार्यकर्ते

निवडणूक ताई हरतात आणि किस्से आमच्याकडे जमतात. आता इतके साठलेत की थोडे वाटून टाकल्याशिवाय नव्यांना जागा होणार नाही.

आमच्या ताई म्हणजे ॲडव्होकेट सुजाताताई. मूळच्या नागपूरच्या, आता अमेरिकेत, शॉमबर्गजवळच्या आमच्या गावात भाडेकरूंच्या केसेस लढतात. उघड उघड सोशलिस्ट. सिटी कौन्सिलवर निवडून यायचं आणि भर थंडीत कुणालाही घराबाहेर काढता येणार नाही असा नियम करून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. कार्यकर्ते आम्ही आयटीवाले. सगळे व्हिसावर, त्यामुळे मत एकालाही नाही.

*

ताईंच्या ऑफिसात एका मिशीवाल्या गोऱ्या वकिलाचा जुना फोटो आहे. शंभर वर्षांपूर्वी हा गृहस्थही सोशलिस्ट म्हणून उभा राहायचा, कामगारांच्या केसेस फुकट लढायचा आणि दर निवडणुकीत आपटायचा. शेवटी एकदाचा निवडून आला.

एका काकूंनी फोटो बघून हळूच विचारलं, "सासरे का गं तुझे?"

"नाही काकू," ताई म्हणाल्या. "माझे सीनियर."

*

पुण्याचा प्रमोद बर्फात दारोदार प्रचार करत होता. एका बाईंनी विचारलं, "तू स्वतः कुणाला मत देणार?"

"मला मत नाही. व्हिसावर आहे."

"मग एवढ्या थंडीत फिरतोस कशाला?"

"घरी बसलो तर बायको गराज आवरायला लावते."

बाईंनी हसत हसत ताईंच्या प्रचाराची पाटी अंगणात लावून घेतली. मागे त्यांचा नवरा गराजच आवरत होता.

*

नव्या रोहनने मीटिंगमध्ये विचारलं, "ताई, सोशलिस्ट म्हणजे नेमकं काय यार?"

ताई पोहे वाढत होत्या. म्हणाल्या, "ज्याला अजून मिळाले नाहीत, त्याला आधी."

"आणि मला?"

"तू दोनदा घेतलेस. तू कॅपिटलिस्ट."

*

वॉल्टर नावाचे एक म्हातारे भाड्याच्या घरात एकटे राहतात. ताई प्रचाराला गेल्या तेव्हा त्यांनी दारातच अर्धा तास सोशलिझमचे तोटे ऐकवले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात कोट घालून का बसलाय?"

हीटर बंद होता, घरमालक दाद देत नव्हता. ताईंनी दोन दिवसांत त्याच्याकडून हीटर दुरुस्त करून घेतला. वॉल्टर म्हणाले, "थँक यू. पण मत नाही देणार."

ताई या वेळीही हरल्या. थोडक्यात हरल्या, म्हणून जास्तच लागलं. इथे निवडणूक झाली की आपल्या पाट्या आपणच गोळा करायच्या असतात. दुसऱ्या दिवशी मी आणि प्रमोद तोंड पाडून तेच करत होतो, तेवढ्यात वॉल्टर बाहेर आले.

"त्यातली एक मला दे."

"वॉल्टर, निवडणूक संपली. ताई हरल्या."

"ठाऊक आहे. पुन्हा उभी राहील ना?"

त्यांनी पाटी स्वतःच अंगणात ठोकली. मागे सरकून पाहिलं आणि जरा डावीकडे वळवली.

"आता बरोबर," ते म्हणाले. "घरमालक समोरच राहतो."