पोर्चची फरशी

माझ्या अंगणात नळाजवळ एक काळी फरशी आहे. तिच्यावर मी धुणं धुतो. ती फरशी मागाले दोन माणसं आली होती. मी दिली नाही. कावून दिली नाही ते लिहून राहिलो. शाळा फार पाह्यली नाही, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहीन.

माणसं चांगल्या कपड्यातली. एक पिकल्या केसांचा, रिटायर झालेला साहेब, दुसरा त्याच्यासंगचा कॅमेरावाला. खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत त्यांची गाडी शिरली नाही, म्हणून नालीवरून उड्या मारत आले. पत्ता माझ्याच पोरानं दिलेला. तो वैशाली नगरात राहते. मले फोनवर म्हणते, "बाबा, दे दो ना, पत्थर ही तो है."

साहेब म्हणाला, "दादाजी, आम्ही जुन्या भिलाईच्या वस्तू जमा करून राहिलो. ते मोठं होटल होतं ना, त्याचं आता काहीच उरलं नाही. तुमच्याकडे त्याच्या पोर्चची फरशी आहे म्हणतात."

"आहे," मी म्हणलं. "तुमचा पाय आहे तिच्यावर."

त्यानं पाय असा उचलला, जसा देवालेच लागला. मग लागला होटलाचं गुणगान गायला. काय ती झुंबरं, काय ती बाग, काय रशियन साहेबांच्या पार्ट्या!

"तुम्ही पाह्यलं होतं?"

"मी लहान होतो. वडील सांगायचे."

त्याचे वडील तिथं जेवत होते. आमच्या बाया तिथं घमेली वाहत होत्या. दोघांनी पाह्यलेलं होटल एक कसं असणार?

आमी भंडाऱ्याकडचे. रशियन लोकांच्या मदतीनं भिलाईत लोखंडाच्या कारखान्याचं काम निघालं तेव्हा आमचं नुकतंच लगीन झालं होतं. मी प्लांटच्या खोदकामावर लागलो आन माझी बायको होटलाच्या बांधकामावर, रेजा म्हणून. इकडं बांधकामावरच्या बाईले रेजाच म्हणतात. पोर्चच्या फरश्या बायांनीच डोक्यावर वाहिल्या. एक फरशी हिच्या डोक्यावरून सुटली ते थेट पायाच्या अंगठ्यावर. फरशीचा कोपरा उडाला, हिचं नख गेलं. ठेकेदारानं आधी फरशी पाह्यली. फुटका कोपरा भिंतीकडं करून तीच बसवून दिली. हिचं नख काही पुन्हा आलं नाही.

होटल उभं झालं तशा रेजा सुटल्या, पण हिले झाडूपोछ्याले ठेवून घेतलं. रोज घरी येऊन सांगे, आज पडदे लागले, आज पलंग आले. मी म्हणो, "तुह्या बापाचं होटल आहे का?"

"बापाचं नाही जी, पण माह्या अंगठ्याचं तर आहे!"

रशियन पाहुणे पहिल्यांदा यायचे होते त्या सकाळी ही सगळ्यांच्या आधी पोचली. पोर्च झाडला, पुसला. मग तिच्या ध्यानात आलं, दारासमोर सडा नाही. आमच्याकडं दारात शेणपाण्याचा सडा आन रांगोळी पडल्याशिवाय नव्या घरात पाहुणा घेत नाहीत. घरात सुतक असलं तरच दार कोरडं राहते. इतके दुरून लोक येऊन राहिले आन दार सुतकासारखं, हे तिच्यानं पाहवलं नाही. मागं दूधवाल्याच्या गाई बांधत, तिथून शेण आणलं, बादलीत कालवलं आन त्या चकचकीत पोर्चवर हातानं सडा टाकला. वरून पिठाची रांगोळी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी तिले त्याची मजुरी देणार नव्हतं.

मॅनेजर आला. सुटाबुटातला माणूस, आधी नाकाले रुमाल लावला त्यानं.

"ये गोबर किसने डाला?"

हिले वाटलं, शाबासकी देते. पुढं झाली. "म्या टाकला, साहेब. पाहुणे येऊन राहिले ना."

"जंगली! ये होटल है कि तेरा तबेला?"

फिनाईलची अख्खी बाटली त्यानं सड्यावर ओतली. चपराशी पुसाले पोतं आणाले धावला, त्याले थांबवलं. "नहीं. अपनी साडी से पोंछेगी."

पुसलं तिनं. गुडघ्यावर बसून, पदरानं. खानसामे होते, ड्रायव्हर होते, मोठे साहेब लोकही उभे होते. एकाचं तोंड उघडलं नाही. या फरशी मागणाऱ्या साहेबाचे वडीलही त्यात असतील, मले काय माहीत.

मी त्या दिवशी घरीच होतो. ही आली, पदर ओला, फिनाईलचा वास.

"इतक्या लवकर कावून?"

"काढलं."

"कावून काढलं?"

"सडा टाकला म्हणून."

मी फावडं उचललं. ती दारात आडवी झाली. "बसा जी चुपचाप. माहं गेलं, आता तुमचंही घालवता का?"

पुढं रशियन गेले, होटलाची रया गेली. तिथं आधी ऑफिस झालं, मग गोदाम, मग कुलूप, मग पाडलंच. लोक हळहळले. मले गोड लागलं. मलबा उचलून राहिले होते तेव्हा ही शेजाऱ्याचा हातठेला घेऊन गेली आन फुटक्या कोपऱ्याची ती फरशी बरोबर हुडकून घेऊन आली.

"त्या होटलाचा गोटा कायले पाहिजे तुले?"

"धुणं आपटाले."

आन आपटलं तिनं. माझे प्लांटातले ग्रीस लागलेले कपडे, नातवाच्या लंगोट्या, सारं त्याच फरशीवर, मरेपर्यंत. या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून आमचं दार कोरडं आहे.

हे सारं मी त्या साहेबाले सांगितलं. मग विचारलं, "फरशीखाली पाटीवर काय लिहाल?"

"भव्य होटलाच्या प्रवेशद्वाराची फरशी."

"कोणी वाहिली ते लिहा. कोणाले पदरानं पुसाले लावलं ते लिहा. आत्ता उचलून न्या."

साहेबानं कॅमेरावाल्याकडं पाह्यलं. "दादाजी, तेवढं नाही जमणार. चांगल्याच आठवणी ठेवायच्या आहेत आपल्याला. वाईट कशाला उकरायचं?"

"मग हटा तिथून."

बादलीत गोधडी भिजत होती. दोन्ही हातांनी उचलली आन फरशीवर हाणली. साबणाचं काळं पाणी साहेबाच्या बुटावर, पॅंटीवर गेलं. "अरे, अरे!" करत तो मागं सरला. कॅमेरावाला हसला, मग हसू गिळलं. साहेबानं खिशातून रुमाल काढला, वाकून आपले बूट पुसले आन नालीवरून उडी मारून गेला.

रात्री पोराचा फोन आला. तुम्ही त्यांचा अपमान केला म्हणे. मी म्हणलं, "त्याच्याजवळ रुमाल होता बाबू. तुह्या मायजवळ पदर होता."

 मी फोन ठेवला. गोधडी नीट पिळल्या गेली नव्हती, तारेवरून रातभर फरशीवर पाणी टपकत होतं.