कंडक्टरअण्णांची विचारपूस

भालकीच्या बसस्टँडसमोर चहाच्या गाड्यावर चारचौघांत कंडक्टरअण्णा साठीच्या कुणाही माणसाला खणखणीत आवाजात विचारायचे, "काय मालक, धार कशी हाय?" तो बिचारा पुढचे चार दिवस तो रस्ता टाळायचा. उदगीरच्या बसमध्ये जन्मभर तिकिटं फाडून अण्णांची भीड पार चेपली होती.

आधी ते असे नव्हते म्हणे. "लघवी अडखळायची, वर्षभर कुणाला बोललो न्हाई. येक दिवस बंदच पडली," असं तेच सांगायचे. बिदरला दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, पोटावर एक टाका नाही. तेव्हापासून कुणाला जळजळ आहे, कुणाला खडा झालाय, कुणाच्या लघवीतून रक्त जातंय, याची खबर त्यांना आधी. औषध मात्र कधी सांगायचे नाहीत. "म्या कंडक्टर हाय. गाडीत बसवतो. चालवणारा डाक्टर."

माझे बाबा निवृत्त मास्तर, अण्णांचे जिवलग मित्र आणि स्वभावानं अगदी उलटे. विहारात वंदनेला दाराजवळ बसायचे, मध्येच दोनदा उठून जायचे. अण्णांनी विचारलं की विषय बदलायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी आले, तर बाबा पोट धरून पडलेले. "उष्णता झाली," एवढंच बोलले. मी उन्हाळी लागली समजून धन्याचं पाणी, सब्जा, तांब्यावर तांब्या पाजत सुटले. दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं. थेंबभरही लघवी होत नव्हती आणि मुलीला ते कसं सांगायचं म्हणून हा माणूस मुकाट पाणी पीत होता! आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

तेवढ्यात अण्णा आले. माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला. "बस कर पोरी, आत जागा हाय का?" मग बाबांवर उखडले, "कामून लाजायलास मास्तर? मरायला तयार हाईस, पण लेकीला सांगायला न्हाई व्हय?"

जीप करून तेच आम्हाला बिदरला घेऊन गेले. नळी घातली, पिशवी भरली, बाबांचा चेहरा उजळला. मूत्रपिंडावर ताण आला होता, उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभर नळी ठेवायची होती. त्या आठवड्यात अण्णा रोज बाबांना फिरायला न्यायचे. "तिकिटाची पिशवी म्या जन्मभर खांद्याला लावली. तुला ही हप्ताभर जड झाली व्हय?" नळी काढल्यावर लघवी व्यवस्थित होऊ लागली. ऑपरेशनची गरजच पडली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाला विहारात एकेक जण उठून ते किती प्रेमळ, किती मनमिळाऊ, असं बोलत होता. मग बाबा उठले. समोर अर्ध्या बायका, त्यात मी.

"माझी लघवी बंद पडली होती," बाबा माईकवर म्हणाले. "लाजेपायी मी मरायलो होतो. या माणसानं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं."

कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांना मात्र धार लागली.

जेवताना दोघं जण बाबांच्या शेजारी येऊन बसले. त्यातल्या एकानं खाली मान घालून विचारलं, "मास्तर, त्यो डाक्टर कुठं बसतो?"

"उद्या सकाळच्या बसनं जाऊ," बाबा म्हणाले. "मी येतो संगं."