हळदीचा हात आणि पांढरी चादर

रविवार, सकाळी दहा. हजर: मी, म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी, रंगारी मामा, वरच्या मजल्यावरचे शेजारी, आणि त्यांची पांढरी चादर. काम: शेजाऱ्यांचं घर रंगवणे, सुरुवात स्वयंपाकघरापासून. मंगळवारी ते घर सोडून पुण्याला लेकीकडे जाणार होते आणि घर घेणाऱ्याला भिंती कोऱ्या हव्या होत्या.

या गृहस्थांइतक्या प्रेमानं भिंतीकडे बघणारा माणूस अख्ख्या नाशकात नाही. कॉम्प्युटर गेममध्ये किल्ले, घरं, रस्ते दिसतात, त्यांच्यावर चढवायचं टेक्स्चर ते बनवतात. खऱ्या भिंतीच्या हातभर तुकड्याचा फोटो काढायचा आणि त्याच्या कडा अशा जुळवायच्या की तोच तुकडा कितीही वेळा शेजारी शेजारी लावला तरी जोड दिसू नये. फोटोत सावली चालत नाही, म्हणून ऊन अडवायला चादर. पंचवटीतल्या एका बोळात मी तिचं टोक धरून अर्धा तास उभी होते. भाजीवालीनं विचारलं, "ताई, आत कोण आंघोळ करतंय?" डाळिंबं ते सालीवरून निवडतात. "दाणे तुम्ही खा, माझं काम सालीशी," म्हणत वाडगा आमच्याकडे आणून देतात. आवारातला शेवाळलेला कोपरा मी घासून घेतला तेव्हा आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी म्हणाले, "ताई, तो कोपरा व्हायला वीस पावसाळे लागले होते."

त्यांचा नियम एकच: फोटोतला उठून दिसणारा डाग आधी पुसायचा. नाहीतर एकाचे शंभर होतात आणि किल्ल्याला गोवर आल्यासारखं दिसतं.

तर मामांनी रंग कालवला आणि शेजारी म्हणाले, "दहा मिनिटं द्या." ओट्याजवळच्या भिंतीवर त्यांच्या बायकोच्या हळदीच्या हाताचा ठसा होता. त्या जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही दोघांनी खिडकीवर चादर धरली. त्यांनी फोटो काढला आणि सवयीनं लगेच लॅपटॉपवर कडा जुळवून भिंत पसरवली. स्क्रीनभर हळदीचे हात.

मामा वाकून बघत राहिले. "वहिनी लय ठिकाणी हात लावायच्या हो."

"रोज सांगायचो, आधी हात पूस."

मग त्यांनी स्क्रीनवरचा पुसायचा ब्रश घेतला, एका हातावर नेला आणि थांबले.

"पुसताय ना साहेब? म्हंजे मी बी हिकडं सुरू करतो."

"थांबा मामा. यातला तिचा कुठला, ते बघतोय."

मामांनी बादलीतला रंग दोनदा ढवळला, मग झाकण लावलं. आज सोमवार संध्याकाळ. माझ्या यादीत हॉल, बेडरूम, बाथरूम, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. ओट्याजवळची हातभर भिंत रंगवायची राहिली आहे.